पुरःस्थ

शब्दकोशात प्रोस्टेटचं नाव पुरःस्थ.
पुढे उभी राहणारी.
मूत्राशयाच्या दाराशी बसलेली एवढीशी गाठ,
तिच्यावर कुणी कविता करत नाही.
मीही केली नसती,
पण मंगळवारी अदरोब ती बर्फाच्या डब्यातून घेऊन आला,
अल शहानियातल्या आमच्या प्रयोगशाळेत,
आणि टेबलावर ठेवताना फक्त म्हणाला, "सुहैल."

सुहैल, तो उंच, फिकट रंगाचा उंट.
सात वर्षं धावला.
पाठीवर स्वार नाही, एक यंत्र,
यंत्राच्या हातात चाबूक, यंत्राच्या पोटात मालकाचा आवाज,
आणि मालक शेजारच्या रस्त्यावर, गाडीत, एसीत.
दर पंधरवड्याला मानेत एक सुई.
बाटलीचं लेबल नखानं खरवडलेलं.

अदरोबला लिहिता येत नाही.
तो सुईमागे एक खाच करायचा, गोठ्याच्या खांबावर.
मी मोजायला गेले.
एकशे एकतीसला लाकूड संपलं होतं.
पुढच्या खाचा दुसऱ्या खांबावर.

बाहेरून नरपण आयतं येत राहिलं
तेव्हा आतल्या कारखान्यानं दिवे मालवले.
वृषणं आक्रसली, जुन्या खारकांसारखी.
थंडीत बाकीचे नर
गळ्यातला लाल फुगा बाहेर काढून गुरगुरायचे,
हा सांडणींकडे पाठ करून कडबा चघळायचा.
आणि ती, पुढे उभी राहणारी,
तीच तेवढी वाढत गेली,
तिला कुणी वाढ म्हटलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यात तो पाय फाकून उभा राहायचा.
अर्धा तास. पाऊण तास.
वाळूत चार थेंब.
अदरोब शेजारी उभा राहून शूऽऽ करायचा,
लेकराला पायांवर बसवून आई करते तसं.

ऑगस्ट सरताना सुहैल तारा दिसला
की इथली माणसं हुश्श करतात, उन्हाळा उतरणीला लागला.
आमच्याकडे तोच अगस्ती.
परभणीची माझी आत्या सांगायची, अगस्तीनं समुद्र पिऊन टाकला,
मग मुतून परत केला, म्हणून तो खारट.
मोडक्या अरबीत मी हे अदरोबला सांगितलं.
तो हसला, बऱ्याच दिवसांनी.
मग म्हणाला,
"त्याला कुणी सुई दिली नव्हती."

मेणाच्या ठोकळ्यातून मी चार मायक्रॉनचे काप काढले,
कोमट पाण्यावर पसरले, काचेवर उचलले,
जांभळ्यात बुडवले, गुलाबीत बुडवले.
सूक्ष्मदर्शकाखाली घडीवर घडी,
पेशींना जागा पुरेना म्हणून त्या आत आत वळलेल्या.
मी लिहिलं: अतिवृद्धी.
दीर्घकाळ दिलेल्या संप्रेरकांशी सुसंगत.

डॉक्टर मरवान म्हणाले, दुसरी ओळ काढ.
वय लिही.
वय अकरा, सर.
तेच लिही.

मी अकरा लिहिलं.
ठोकळा मात्र कपाटात आहे, वरून तिसरा खण.
मेण कुजत नाही.
त्याच्या कडेला मी सुरीनं एक खाच केली आहे.

संध्याकाळी शिनोज आला,
कँटीनमधला, चोवीस वर्षांचा, नवे दंड बाहीत मावत नाहीत.
दार लोटून घेत हळूच म्हणाला,
दीदी, उंटांना देतात ती बाटली
एखादी इकडेतिकडे उरते का?
जिममध्ये सगळे घेतात.

मी त्याला स्टुलावर बसवलं.
काच लावली, दिवा लावला,
म्हटलं, बघ.
तो डोळा लावून बराच वेळ बघत राहिला.
"छान आहे," म्हणाला. "फुलं आहेत का?"